परमुलखातला कडू घास

आये, तुला वाचता येत नव्हतं ते एका परीनं बरंच झालं. आफ्रिकेतून मी धाडलेली पत्रं तुला शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे, तेही अण्णा शेतावर गेले की गोठ्यात बसून, चोरून. परक्या पुरुषाच्या तोंडून लेकीचं रडगाणं तुला ऐकायला लागू नये म्हणून मी सगळं गोड गोड लिहीत गेले. हवा चांगली आहे, मुलं गुणी आहेत, मडम मायाळू आहेत. धडधडीत खोटं. आता तू नाहीस, मास्तर नाहीत, आणि माझंही बरंचसं उरकत आलंय, तेव्हा एकदा खरं काय ते सांगून टाकते. सध्या मी कुपवाडला एका खोलीत राहते. तुझ्या वेळी कुपवाड म्हणजे नुसता माळ. आता कारखान्यांची पाळी सुटली की मोटारसायकलींचा असा कालवा होतो की आपलाच विचार आपल्याला ऐकू येत नाही. दोन्ही पाळ्यांच्या मधे जरा शांत असतं, तेवढ्यात लिहितेय.

मला बोर्डिंगात कसं घातलं ते तुला सांगायला नको, पण मलाच ते पुन्हा एकदा सांगून बघावंसं वाटतं. खुब्याचा सांधा पिकला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. बैलगाडीत वैरण पसरून तू मला मिरजेच्या दवाखान्यात नेलंस, आणि बरी होऊन आले ती एक पाय ओढतच. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हिला कोन करून घेनार?" एवढंच बोलले आणि बैल सोडायला गेले. पुढं सांगलीच्या मिशनच्या बाईंनी मला शाळेत ठेवून घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. एक तोंड कमी झालं म्हणून नाही, आपल्याला काय कमी नव्हतं, हळद होती, ऊस होता. दारात लंगडी पोर दिसायची ती दिसेनाशी झाली, एवढं त्यांना पुरलं. आणि आये, मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गाव म्हणालं, भाकरीसाठी बाटली. कसली भाकरी! बोर्डिंगातली भाकरी तू बघितली असतीस तर कुत्र्याला घातली नसतीस. तिथं मला कोणी 'लंगडे' म्हणून हाक मारली नाही. सगळ्यांसारखं नावानं बोलावलं, प्रार्थनेत माझ्यासाठी वेगळं देवाकडं मागितलं. आपल्या घरात देवाकडं माझ्यासाठी कोणी मागितलं असेल तर तू, बाकी कोणी नाही.

अण्णांनी नदीवर जाऊन माझ्या नावानं आंघोळ केली. दादानं मला नंतर सांगितलं, की घरी येऊन त्यांनी सगळ्यांना बजावलं, "थोरली मेली. हितनं फुडं तिचं नाव काडायचं न्हाई." तू काढलं नाहीस. पण हळदीची गाडी सांगलीच्या पेठेत निघाली की तू कसलं तरी निमित्त काढून गाडीत बसायचीस. आपलं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, इंग्रजाच्या मुलखात, आणि सांगली मात्र संस्थानात. मधे जकातीचा नाका. नाका ओलांडला की तू म्हणायचीस, "आलं बया परमुलकात." अण्णा अडत्याकडं सौद्याला बसले की तू पदर डोक्यावरून ओढून बोर्डिंगच्या मागल्या दारी यायचीस, स्वयंपाकघराच्या पायरीशी. आत कधी आली नाहीस, पाणी कधी प्यायली नाहीस. पण यायचीस. माझं कपाळ बघून तुझा जीव वरखाली व्हायचा. "लगीन न्हाई ते न्हाई, म्हनून काय रांडमुंड दिसायचं व्हय गं?" असं म्हणायचीस आणि स्वतःच्याच कपाळाचं कुंकू अंगठ्यानं माझ्या कपाळावर टेकवायचीस. मी पुसायची नाही. प्रार्थनेच्या घंटेपर्यंत ठेवायची.

त्याच पायरीवर मी तुला सांगितलं की मला आफ्रिकेत जायचंय. लढाई सुरू होती. मी शिक्षिकेची परीक्षा पास होऊन वर्षही झालं नव्हतं. तिकडं रेल्वेत आणि दुकानांत आपली पुष्कळ माणसं गेली होती, त्यांच्या मुलांसाठी मिशननं शाळा काढलेली, आणि ती शाळा चालवणाऱ्या मडमांना हिंदुस्थानातली ख्रिस्ती शिक्षिका हवी होती. बोर्डिंगच्या बाई म्हणाल्या, तू जा, तुझ्यामागं इथं कोण आहे. ते मला लागलं, पण खरंच होतं. तुला मी सांगते आहे आणि तू पायरीवरची माती नखानं कोरते आहेस. मग म्हणालीस, "किती नाकं लागत्यात वाटंत?" मी म्हटलं, आये, मधे समुद्र लागतो. तू म्हणालीस, "मंग मला काय तितवर याया यायचं न्हाई." आणि मी रडायला लागले. म्हटलं, तिथं माझं कोण आहे गं, मी कोणाच्या आधारानं राहू? तेव्हा तू मला झापलंस. तुझा तो आवाज अजून तसाच्या तसा ऐकू येतो. "कोन न्हाई म्हंजी? हितं तरी जलमताना कोन वळखीचं हुतं तुज्या? आदी आपुन दुसऱ्याच्या दारात जावं, मंग कोन तरी आपल्या दारात येतं. तोंड फुगवून घरात बसलीस तर देवबी याचा न्हाई." असं म्हणून तू संगं आणलेल्या पाटीतनं काटवट काढलीस. आपली भाकरीचं पीठ मळायची, बाभळीची, काळी पडलेली. "पीट कसलंबी गावंल. काटवट गावायची न्हाई," म्हणालीस. अण्णांना काय सांगितलंस कोण जाणे. ते तुझं शेवटचं बघणं.

बोटीवर सगळे त्या काटवटीला हसले. मी ती उशाला घेऊन झोपायची. मोंबासाला उतरल्यावर आगगाडीनं आत खूप लांब, डोंगराच्या अंगाला एक रेल्वेचं गाव, तिथं आमची शाळा. शाळेच्या मागं दोन खोल्यांची एक ओळ होती, त्यातली एक मला दिली. दुसरीत शाळेची शिवणकामाची मास्तरीण राहायची, गोव्याची, नवरा रेल्वेत. आणि भिंतीपलीकडं एका गुजराती दुकानदाराचं घर. त्याच्या तीन मुली माझ्या वर्गात. एवढंच माझं जग. मला तिथं दुसरं काही नको होतं गं. एक दार हवं होतं, कडी न वाजवता जिथं आत जाता येईल आणि कोणी विचारणार नाही, काय काम होतं म्हणून. तेवढ्यासाठी मी तिथली सगळी वर्षं काढली.

पहिल्या रविवारी काय झालं ऐक. सांगलीच्या मिशनच्या देवळात आम्ही चपला बाहेर काढायचो आणि सतरंजीवर मांडी घालून बसायचो, बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. तिथं मी गेले, पायरीशी चपला काढल्या, आत शिरले, तर सगळीकडं बाकं. पुढच्या बाकांवर गोरे, टोप्या घातलेल्या मडमा. मागच्या बाकांवर तिथले काळे लोक. मधे मोकळी जागा. मला वाटलं, ही आपल्यासाठी असेल. मी तिथं फरशीवर मांडी घालून बसले, पदर घेतला आणि डोळे मिटले. डोळे उघडले तर पुढचेही वळून बघताहेत आणि मागचेही मान उंच करून बघताहेत. एक काळे म्हातारबाबा, त्या देवळाचे पंच, लगबगीनं आले, त्यांनी आधी पुढं बोट केलं, मग जरा विचार केला आणि मागं बोट केलं, मग त्यांनाही कळेना. बिचारे तसेच परत गेले. उपासना संपेपर्यंत मी खालीच बसले. बाहेर आले तर चपला कोणी तरी नेल्या होत्या. त्या दिवशी मला हसू आलं होतं. तुला सांगायला म्हणून सगळं मनात नीट लावूनही ठेवलं होतं. पण पत्रात लिहिलं, देऊळ फार सुंदर आहे.

मी तुझं ऐकलं. लोकांच्या दारात गेले. गोव्याची बाई नवऱ्याशी कोंकणी बोलायची, ते कानावर पडलं की माझा जीव सुपाएवढा व्हायचा, निम्मं तरी कळायचं. एकदा मी तिला म्हटलं, आपण दोघी एकाच देवाच्या, येत जा माझ्याकडं. ती हसून म्हणाली, "तुमचा पंथ वेगळा, बाय. आणि तुम्ही नवे. आमच्या घरात चारशे वर्षांपासून येशूची मिसा चालते." नवे! आपल्याकडं मी बाटगी, आणि तिथं नवी. मग मी गुजराती बाईंकडं गेले. मक्याच्या पिठात कांदा-मिरची घालून थालीपिठं केली, काटवटीतच थापली, आणि ताट झाकून घेऊन गेले. त्यांनी हसून घेतलं, "अरे बेन, शा माटे तकलीफ," कशाला त्रास घेतला, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ताट धुऊन आलं, वर साखर ठेवलेली, रिकामं ताट पाठवू नये म्हणून. मला इतकं बरं वाटलं! वर्गात त्यांच्या धाकटीला विचारलं, आवडलं का गं? पोर निरागस, आईला बा म्हणायची, म्हणाली, "बानं शेळीला घातलं. शेळीला बहु आवडलं." पोरं खो खो हसली. मीही हसले, काय करणार? शिक्षिकेनं वर्गात रडायचं नसतं.

तरी मी जात राहिले. कोणाचं पोर आजारी असलं की जायची, कोणाची आगगाडी असली की सोडायला जायची. एक पाय ओढत त्या लाल मातीच्या रस्त्यानं अख्ख्या गावात फिरायची. लोक वाईट नव्हते आये, तसं म्हटलं तर खोटं होईल. खुर्ची द्यायचे. मला त्या खुर्चीचा वीट आला होता. खुर्ची मिळाली की समजावं, आपण पाहुणे. घरच्या माणसाला कोणी खुर्ची देतं का? तुझ्याकडं शेजारीण आली की तू म्हणायचीस, "बस की गं चुलीम्होरं," आणि तिच्या हातात निवडायला मेथीची जुडी द्यायचीस. मला तिथं कोणी कधी मेथी निवडायला दिली नाही.

मग ते कार्ड आलं. तेव्हा इकडं सातारा भागात भूमिगत पोरं तारा तोडत होती, टपाल लुटत होती, तिकडं समुद्रात लढाई, त्यामुळं पत्राला किती दिवस लागावेत याला धरबंध नव्हता. शाळेचा कारकून ते कार्ड घेऊन वर्गात आला आणि म्हणाला, कोपरा फाटला होता, मी डिंकानं नीट चिकटवून दिलाय. फार काळजीचा माणूस. मयताची खबर असली की आपल्याकडं कार्डाचा कोपरा फाडतात, हे त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? मी त्या चिकटवलेल्या कोपऱ्याकडं बघत बसले. वर काय लिहिलंय ते वाचायची गरजच नव्हती. मास्तरांचं अक्षर होतं, दादाच्या नावानं लिहिलेलं. मातोश्री देवाघरी गेल्या, हिवतापाचं निमित्त झालं. तारीख बघितली तर तुला जाऊन दोन महिने होऊन गेले होते. त्या दोन महिन्यांत मी तुला पत्र लिहिलं होतं, त्यात स्ट्रॉबेरीचं वर्णन केलं होतं, पाचगणीला होतात म्हणतात तशा इथंही होतात म्हणून.

मी वर्ग सोडून खोलीवर आले आणि चुलीतली धुमसती लाकडं बाहेर काढून पाणी ओतलं. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत. कडू घास शेजाऱ्यांनी आणायचा असतो, पिठलं-भाकरी, पुढ्यात बसून, पाठीवरून हात फिरवून बळंच खायला लावायचं असतं. आपल्याकडचे ख्रिस्तीसुद्धा हे सोडत नाहीत. बोर्डिंगात एका मुलीचा बाप गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिला भरवलं होतं. आणि आपल्या गावात तर कोणाचंही मयत होवो, रामोश्याचं असो नाहीतर पाटलाचं, पहिली टोपली तुझी निघायची. अण्णा कुरकुरायचे, तुला गं काय पडलंय त्यांचं. तू त्यांच्यासमोर बोलायची नाहीस, पण टोपली घेऊन निघायचीस.

तर मी बसले. दार लोटून घेतलं, कडी घातली नाही, टोपली हातात असली की कडी कशी वाजवणार? दुपार झाली. गोव्याची बाई शाळेतून आली, कारकुनानं तिला सांगितलं होतं. दारातनंच तिनं छातीवर क्रूस काढला, फार वाईट झालं म्हणाली, डोळ्याला पदर... पदर कसला, रुमाल लावला, आणि तिच्या घरात गेली. थोड्या वेळानं तिच्या मासळीच्या कढीचा वास आला. संध्याकाळी गुजराती बाई आल्या. त्या आत आल्या, खाली बसल्या, मला वाटलं, आता. त्यांनी विचारलं, कधी गेल्या? मी म्हटलं, दोन महिने झाले. त्या म्हणाल्या, मग इतके दिवस झाल्यावर काय, डोक्यावरून पाणी घ्या, झालं. मग जरा थांबून खरंच कुतूहलानं त्यांनी विचारलं, "पण बेन, तुमच्यात सुतक असतं का?" आये, तूच सांग. ज्या घरानं माझ्या नावानं आंघोळ केली, त्या घराचं सुतक मला लागतं का? मेलेल्या माणसाला सुतक लागतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मडम आल्या. खुर्ची नव्हती म्हणून माझ्या पेटीवर बसल्या. माझा हात हातात घेतला, त्यांचा हात मऊ होता, आणि प्रार्थना केली. प्रार्थना झाल्यावर मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, माझी आई आता कुठं आहे? त्या म्हणाल्या, देवाच्या हातात. मी म्हटलं, पण ती बाप्तिस्मा झालेली नव्हती. ती आमच्या दाराच्या आतसुद्धा कधी आली नाही. पायरीवर बसायची. तर ती कुठं आहे? मडम गप्प झाल्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, म्हणून गप्प झाल्या, आणि ते मला जास्त झोंबलं. मग म्हणाल्या, आपण आशा ठेवू. उठताना त्यांची नजर विझलेल्या चुलीकडं गेली. म्हणाल्या, काही तरी करून खा हं, अंगात ताकद राहायला हवी, सोमवारी मुलं वाट बघतील. करून खा! त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्याकडं मयताच्या घरी फुलं नेतात.

कोणी आलं नाही. बाहेर पोरं खेळत होती, आगगाडी येऊन गेली, भिंतीपलीकडं शेळी ओरडत होती. भुकेनं मला ओकारी यायला लागली. तेव्हा मी उठले आणि स्वतःच्या हातानं चूल पेटवली. मयताच्या घरातली चूल मीच पेटवली. काटवटीत मक्याचं पीठ घेतलं, पाणी जास्त पडलं, भाकरी थापायला घेतली की चिरायची, तव्यावर टाकताना तुकडे व्हायचे. ते तुकडेच खाल्ले, मिठाशी. पाठीवरून हात फिरवायला कोणी नव्हतं, म्हणून भिंतीला पाठ टेकून बसले. सोमवारी शाळेत गेले, आणि पुढं पेन्शन होईपर्यंत जात राहिले. ते दार मला मिळालं नाही. तिथं नाही, आणि परत आल्यावर इथंही नाही. दादाकडं एकदा जाऊन आले. त्याच्या सुनेनं खुर्ची दिली.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. घडी करून गादीखाली ठेवीन, माझ्यामागं खोली झाडायला येईल ती केरात घालील. एक तेवढं सांगायचं राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःशी म्हणत आले की त्या लोकांनी माझ्या घरी कडू घास आणला नाही, आणि माझं मन त्यांच्यावरनं उडालं. ते खरं नाही. मी त्यांची वाट बघतच नव्हते. मयताच्या घरी भाकरी घेऊन कोण येतं, हे माझ्या डोक्यात एकच होतं. तू गेलीस म्हणून मी चूल विझवून बसले होते, आणि आता तू टोपली घेऊन येशील म्हणून दाराकडं बघत होते.